हब-गिअरची मोठ्या चाकांची सायकल सवलतीत घेताना: सोलापुरात काय तपासायचं, काय सोडून द्यायचं

हब-गिअरची सायकल, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या डबीतच (हबमध्ये) सगळे गिअर असलेली, आपल्याकडे फारशी खपत नाही. गिऱ्हाईक मागच्या चाकाकडे बघतं, गिअरच्या चकत्यांची उतरंड दिसत नाही, आणि "एवढे पैसे बिनगिअरच्या सायकलीला?" म्हणून पुढच्या सायकलीकडे वळतं. मग ती सायकल दोन-तीन दिवाळ्या दुकानातच काढते आणि शेवटी तिच्यावर ३०-४० टक्के सूट लागते. म्हणजे सूट दिसली की माल खराब, असं या बाबतीत समजायचं कारण नाही.

सोलापूरच्या रस्त्यांना ही सायकल चांगली मानवते. शहर आणि आसपासचा भाग बऱ्यापैकी सपाट, उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चाकाला लगदून बसणारी काळी माती. बाहेर लोंबणारा, चेन सरकवून गिअर बदलणारा डिरेलर असल्या मातीत आधी कुरकुरतो, मग अडकतो. हबमधला गिअर पूर्ण बंद असतो, त्याला या मातीशी देणंघेणं नाही. २९ इंची चाक खड्ड्यांवरून आणि गतिरोधकांवरून छोट्या चाकापेक्षा सहज निघून जातं, हा आणखी एक फायदा.

खरी अडचण बाभळीच्या काट्यांची. पंक्चर ठरलेलं आहे, आणि हब-गिअरचं मागचं चाक काढणं हे साध्या सायकलीसारखं दोन नट सैल करण्याइतकं सोपं नाही. त्यामुळे सूट किती हे नंतर बघा. आधी हे ठरवा की मागचं चाक स्वतः काढून बसवायची तयारी आहे का, आणि त्याला लागणारे चार बारके भाग (वायसर वगैरे, पुढे येतील) सायकलीसोबत मिळतायत का. दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नका.

हब कोणता आहे ते आधी वाचा

हबच्या अंगावर किंवा ब्रेकच्या बाजूला मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो. दुकानदार 'इंपोर्टेड गिअर' एवढंच सांगेल. आपण वाकून वाचायचं. शिमानो या जपानी कंपनीच्या नव्या क्रमांकांत शेवटचं अक्षर ब्रेकचा प्रकार सांगतं: 'सी' म्हणजे पायडल उलटं फिरवल्यावर लागणारा ब्रेक, 'आर' म्हणजे हबला जोडलेल्या डबीतला रोलर ब्रेक, 'व्ही' म्हणजे रिमवर शू दाबणारा, 'डी' म्हणजे डिस्क. उदाहरणार्थ एसजी-सी६००१-८डी म्हणजे आठ गिअरचा, डिस्कचा हब. नुसत्या रिम-ब्रेकच्या हबला मागाहून डिस्क बसत नाही, म्हणून "पुढं डिस्क टाकून देतो" या आश्वासनावर विसंबू नका.

बाजारात साधारण तीन-चार प्रकार भेटतात; नेक्सस आणि अल्फाइन हे शिमानोचेच. खालचा गिअरचा आकडा म्हणजे मागची दातांची चकती (स्प्रॉकेट) एकदा फिरली की चाक किती फिरतं ते, आणि पल्ला म्हणजे सगळ्यात जड गिअर भागिले सगळ्यात हलका. नेक्सस तीन-गिअर: पहिला ०.७३३, दुसरा १, तिसरा १.३६४, एकूण पल्ला १८६ टक्के. नेक्सस सात: २४४ टक्के. नेक्सस आठ आणि अल्फाइन आठ: ०.५२७ पासून १.६१५ पर्यंत, ३०७ टक्के. अल्फाइन अकरा: ४०९ टक्के. जर्मनीचा रोलॉफ चौदा-गिअर ५२६ टक्के पल्ला देतो, पण त्याची एकट्या हबची किंमत चांगल्या सायकलीएवढी असते. तो 'सवलतीत' दिसला तर आधी सायकल कुठून आली ते विचारा. स्टर्मी-आर्चरचा तीन-गिअर हब दणकट आणि सोपा. ही कंपनी मूळची इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची, २००० पासून तैवानच्या सनरेसकडे आहे.

गावात फिरायचं, कामावर जायचं, फार तर होटगी रस्त्याने किंवा अक्कलकोट रस्त्याने एमआयडीसीपर्यंत जायचं, तर तीन गिअर पुरे. अनेकांना हे पटत नाही, जास्त गिअर म्हणजे जास्त चांगलं असं वाटतं. पण तीन-गिअरच्या हबमध्ये बिघडण्यासारखं कमी असतं, केबलचं जुळवणं सोपं असतं, आणि साधा मिस्त्रीही तो समजून घेतो. तुळजापूरचा घाट चढायचा असेल किंवा मागे सामान लादून लांब जायचं असेल तर मात्र आठ-गिअर घ्या. अकरा-गिअरचा हब तेलात चालतो आणि जुळवणीला नाजूक असतो. शहरात त्याचं काम करणारा माणूस माहीत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

दातांचा हिशेब

मोठ्या चाकाची एक गंमत दुकानात कळत नाही, चढाला लागल्यावर कळते. २९ इंची चाकाचा घेर २.१ इंची टायरसकट साधारण २.२८ मीटर, २६ इंचीचा त्याहून दहाएक टक्के कमी. म्हणजे तेच चेनव्हील (पायडलजवळची दातांची चकती) आणि तेच मागचं स्प्रॉकेट ठेवून चाक मोठं केलं तर प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी जड होतो.

पुढचे दात भागिले मागचे दात, हा आकडा २ च्या आसपास असावा. ३८ आणि १९ असतील तर तीन-गिअरच्या हबवर पायडलच्या एका फेरीला सायकल अनुक्रमे ३.३४, ४.५६ आणि ६.२२ मीटर जाते. मिनिटाला ७० फेऱ्या धरल्या तर ताशी १४, १९ आणि २६ किलोमीटर. सोलापूरला हे नेमकं बसतं. आठ-गिअरवर त्याच दातांनी पहिला गिअर २.४० मीटरचा पडतो, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांवर ताशी साडेआठ-पावणेनऊ किलोमीटर. घाट चढायला पुरेसा हलका.

सवलतीतल्या सायकलीवर बऱ्याचदा ४४ आणि १८ अशी जोडी असते, म्हणजे २.४४. तीन-गिअरचा पहिलाच गिअर मग ४ मीटरच्या वर जातो, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तोंडावर घेत पुणे रस्त्याने चिंचोळीकडे निघालात की गुडघे बोलायला लागतात. यावर उपाय स्वस्त आहे. शिमानोच्या या हबांचं स्प्रॉकेट एका स्प्रिंग-रिंगने अडकवलेलं असतं आणि १६ पासून २३ दातांपर्यंत मिळतं. १८ काढून २२ टाका, जोडी बरोबर २ ची होते. रिंग बारीक स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना वर कापड धरा, ती डोळ्याकडे उडते. चार दात वाढले की चेन अपुरी पडू शकते. चाक खाचेत पुढे घेऊनही जमत नसेल तर एक पूर्ण कडी (आतली-बाहेरली जोडी) वाढवावी लागते. मात्र २ च्या फार खाली जाऊ नका. हबच्या आतल्या दातांवर ताण वाढतो आणि चढावर उभं राहून पायडल मारणाऱ्याच्या हातून हब फुटतो.

'२८ इंची' टायरचा घोटाळा

चाकाचं खरं माप टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत असतं: ५४-६२२, ३८-६२२ असं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २९ इंची, ७००-सी आणि युरोपातल्या सायकलींवर '२८' म्हणून लिहिलेली चाकं, या तिन्हींचा व्यास ६२२ च असतो. २७.५ इंचीचा ५८४, २६ इंची माउंटन सायकलीचा ५५९.

आता आपल्याकडची दूधवाल्याची काळी सायकल घ्या. तिचा टायर '२८ x १ १/२' आणि व्यास ६३५. म्हणजे तुमच्या '२८ इंची' सायकलीला टायर मागायला गेलात तर दुकानदार अगदी प्रामाणिकपणे ६३५ चा टायर काढून देईल, तो रिमवर ढिला बसेल, आणि हवा भरताना ट्यूब बाहेर येऊन फटाका फुटेल. टायर घेताना इंच बोलूच नका; ६२२ बोला किंवा जुना टायर हातात घेऊन जा.

व्हॉल्व्हही बघा. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक, टोकाला छोटा नट असलेला व्हॉल्व्ह असेल तर छोटा पितळी ॲडॅप्टर सीटखाली कायम ठेवा, नाहीतर हवा असून भरता येणार नाही.

सूट खरी किती

सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. पडून राहिलेल्या मालावरची छापील किंमत मात्र बहुधा जुन्या कराची असते. समजा लेबलवर ४८,००० आहेत आणि दुकानदार ३५ टक्के सूट देऊन ३१,२०० सांगतोय. जुना कर काढून नवा लावला तर छापील किंमत ४५,००० होते. म्हणजे सूट ३५ नव्हे, ३१ टक्क्यांच्या आत. तरी चांगलीच आहे, पण घासाघीस कुठून सुरू करायची हे कळतं. बिलावर ५ टक्केच लागलाय ना, तेही बघा.

त्या किमतीत नवे टायर-ट्यूब, एक स्प्रॉकेट, गिअरची केबल आणि एकदाची सर्व्हिस यांचे पैसे मिळवा. तीन वर्षं एकाच जागी उभ्या सायकलीला यातलं बहुतेक सगळं लागतं. बेरजेनंतरही ती नव्या साध्या सायकलीपेक्षा फायद्याची वाटली तरच पुढे जा.

आणि माप. सवलतीत उरतात ते बहुतेक टोकाचे साइज, फार मोठे किंवा फार लहान. २९ इंची चाकाच्या सायकलीत फ्रेम आधीच उंच असते. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून मधल्या दांड्यावर उभे राहा. दांडा आणि जांघ यांत निदान तीन-चार सेंटिमीटर अंतर हवं. दुकानदार म्हणेल, "सीट खाली घेतली की बसतंय." सीट खाली घेतल्याने दांडा खाली येत नाही.

दुकानातला अर्धा तास

सोबत १५ चा पाना आणि एक टॉर्च न्या. सुरुवात केबलच्या जुळवणीपासून. सात किंवा आठ-गिअरच्या नेक्ससवर हँडलचा गिअर ४ वर ठेवा आणि मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, जिथे केबल येते तिथल्या खिडकीत बघा. दोन पिवळ्या (काही जुन्या हबवर लाल) रेघा समोरासमोर हव्यात. थोड्या सरकलेल्या असतील तर हँडलजवळचा केबलचा गोल स्क्रू फिरवून जुळवता येतात. गिअर १ वर नेऊन परत ४ वर आणा. रेघा पुन्हा जुळल्या तर केबल ठीक. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असतील तर केबलच्या आत गंज आहे, बदलावी लागेल. तीन-गिअरच्या हबवर हेच काम गिअर २ वर करायचं, आणि खूण बेलक्रँक या छोट्या डबीच्या खिडकीत दिसते.

हे दोन मिनिटांचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण हब-गिअर बिघडण्याचं पहिलं कारण हेच. खूण सरकलेली असली की आतले कुत्रे (दात धरून ठेवणारे छोटे खटके) दातात पूर्ण बसत नाहीत, अर्धवट धरतात, जोर लागला की सटकतात. रोज असं झालं की दातांच्या कडा झडतात, आणि मग जुळवणी कितीही केली तरी गिअर धरत नाही.

म्हणून चालवून बघणं अटळ आहे. सपाट गल्लीत एक चक्कर मारून काही कळत नाही. जवळच्या उड्डाणपुलाच्या चढाला न्या, बसूनच जोर लावा आणि प्रत्येक गिअर वीस-पंचवीस पायडल तरी वापरा. आठ-गिअरमध्ये १ वरून २ आणि ५ वरून ६ या दोन उड्या मोठ्या असतात, २२ टक्क्यांच्या. तिथे पायाला फरक जाणवला तर ती खोट नव्हे. ५ वा थेट गिअर असतो (स्प्रॉकेट आणि चाक सारखंच फिरतं), तो सगळ्यात गुळगुळीत लागतो. इतर गिअरांत थोडी किरकिर चालते. चालणार नाही ती 'खट्' करून पायडल पुढे निसटण्याची गोष्ट. जुळवणी बरोबर असूनही एकदा जरी निसटलं तर सायकल तिथेच ठेवून निघा.

बाकीचं भराभर: मागचं चाक हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा, किंचित ढिलेपणा चालतो, खडखड नको. चाक फिरवून आउट (डगमगतंय का) बघा. आरे दोन-दोन जोडीने दाबा; मोठ्या चाकाचे आरे लांब असतात, एखादा ढिला असेल तर सगळं चाक वर्षभरात वाकडं होतं. टायर बोटाने वाकवून भेगा बघा. चेन मधोमध वरखाली मिळून १० ते १५ मिलिमीटर हलावी, आणि पायडल फिरवत चार ठिकाणी तपासावी, कारण चेनव्हील क्वचितच पूर्ण गोल असतं.

शेवटी ॲक्सलच्या दोन्ही टोकांचे वायसर. यांना एका बाजूने दात असतो, तो फ्रेमच्या खाचेत बसतो आणि ॲक्सलला फिरू देत नाही. डावा आणि उजवा वेगळे, खाचेच्या कोनाप्रमाणे त्यांचे रंग आणि क्रमांकही वेगळे. दुकानात कुणीतरी चाक काढून साधे वायसर टाकले असतील तर जोर लावताच ॲक्सल फिरतो, केबल ओढली जाते आणि गिअर आपोआप बदलतात. हे भाग सोलापुरात सहज मिळत नाहीत, मागवावे लागतात. गहाळ असतील तर दुकानदाराने आणून दिल्याशिवाय पैसे देऊ नका.

बिल पक्कं घ्या, त्यावर फ्रेम नंबर (पायडलच्या ॲक्सलखाली कोरलेला) आणि हबचा क्रमांक लिहून घ्या. "सेलचा माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिल न देणं हीसुद्धा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पुण्याहून आणत असाल तर

असा माल पुण्यात जास्त सापडतो. रेल्वे पार्सलने किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आणताना सायकल उजव्या अंगावर आडवी पडू देऊ नका. तीन-गिअरच्या हबला उजव्या टोकातून एक बारीक दांडी आत जाते. बेलक्रँकवर मार बसला की ती वाकते आणि सायकल एकाच गिअरमध्ये अडकून पडते. निघण्याआधी बेलक्रँक सोडवून दांडी बाहेर काढा, कागदात गुंडाळून खिशात ठेवा, आणि उघड्या टोकाला चिकटपट्टी लावा. पायडल काढताना डावं पायडल घड्याळाच्या दिशेने सुटतं हे लक्षात ठेवा.

पंक्चर आणि मागचं चाक

साध्या पंक्चरसाठी चाक काढायची गरजच नाही. आपला पंक्चरवाला चाक न काढताच एका बाजूने टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढतो, तसंच इथेही चालतं. त्याला एवढंच सांगा: "मागचे नट सोडू नका."

ट्यूब किंवा टायर बदलायचा असेल तर मात्र चाक काढावं लागतं. आठ-गिअरवर क्रम असा: गिअर १ वर न्या, म्हणजे केबल सैल पडते. केबलचं बाहेरचं आवरण हबवरच्या कंसातल्या फटीतून ओढून काढा. पुलीवर (केबल जिच्याभोवती फिरते त्या चकतीवर) एक बारीक भोक असतं, त्यात २ मिलिमीटरची ॲलन की घालून पुली थोडी फिरवा आणि केबलच्या टोकाचा छोटा बोल्ट खाचेतून सोडवा. तो बोल्ट केबलवरून ढिला करू नका. आवरणाच्या टोकापासून बोल्टपर्यंतचं अंतर १०१ मिलिमीटर ठरलेलं असतं, ते बिघडलं की सगळी जुळवणी पहिल्यापासून. रोलर किंवा उलट-पायडल ब्रेक असेल तर ब्रेकची दांडी फ्रेमला धरणारी पट्टी सोडा. मग १५ चे नट. वायसर काढताना कुठला कुठे होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

बसवताना उलटा क्रम. वायसरचा दात खाचेत गेल्याची खात्री करा, चाक मागे ओढून चेनचा ताण बघा, चाक फ्रेमच्या मधोमध आणा आणि दोन्ही नट आलटून-पालटून आवळा. शिमानो ३० ते ४५ न्यूटन-मीटर सांगते. साध्या हातभर पान्याने नीट जोर लावला की तेवढं होतं. ब्रेकची पट्टी पुन्हा लावायला विसरू नका. ती सुटी राहिली तर ब्रेक दाबताच दांडी गरकन फिरते. केबल अडकवा, गिअर ४ वर रेघा तपासा. पहिल्यांदा तासभर लागेल, नंतर पंधरा मिनिटं. हे घरीच एकदा करून बघावं, जेणेकरून पहिली वेळ मंगळवेढ्याच्या रस्त्यावर भर दुपारी येणार नाही.

तेलपाणी

रोजची देखभाल जवळजवळ शून्य. चेनला तेल, हवा, महिन्यातून एकदा रेघा. पण 'काहीच करावं लागत नाही' हे विकणाऱ्याचं बोलणं. नेक्सस आठ आणि अल्फाइन आठसाठी शिमानो पहिल्या १,००० किलोमीटरनंतर आणि पुढे दर दोन वर्षांनी किंवा ५,००० किलोमीटरला आतली सर्व्हिस सांगते: आतला भाग बाहेर काढून देखभालीच्या तेलात सुमारे ९० सेकंद बुडवायचा, मिनिटभर निथळू द्यायचा, परत बसवायचा. तीन वर्षं पडून असलेल्या सायकलीचं ग्रीस सोलापूरच्या उन्हाळ्यात एका बाजूला उतरलेलं किंवा वाळलेलं असतं, म्हणून तिच्यासाठी १,००० किलोमीटरची वाट न पाहता घेतल्या घेतल्याच हे करून घ्या. अल्फाइन अकराला सुरुवातीचे १,००० किलोमीटर आणि पुढचं वेळापत्रक तेच, फक्त बुडवण्याऐवजी इंजेक्शनच्या सिरिंजने २५ मिलिलिटर तेल बदलायचं.

चिखल लागला तर बादलीभर पाणी आणि फडकं. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशरचा फवारा हबवर कधीच मारू देऊ नका. ॲक्सलजवळचं सील धूळ आणि पाऊस अडवण्यापुरतं असतं. फवाऱ्याचं पाणी ते ओलांडून आत जातं, बाहेर यायला वाट नसते, आणि दोन महिन्यांनी छर्ऱ्यांवर गंज चढून चाक कर्रकर्र बोलायला लागतं.